‘इंग्लिश लर्नर’चा शिक्का लागलेल्या मुलाला कॅलिफोर्नियात कॉलेजची वाट कशी मिळते: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नववी-दहावीतलं मूल घेऊन कॅलिफोर्नियात आलात, की शाळेत नाव घालताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात चार प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला लागलं? घरी जास्त करून कोणत्या भाषेत बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? घरातली मोठी माणसं आपसात कोणती भाषा वापरतात? पहिल्या तिनांपैकी एकाचंही उत्तर ‘मराठी’ असलं, तर मुलाला ‘एल्पॅक’ नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. नाव घातल्यापासून ३० दिवसांत शाळेनं ती घ्यायची असते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे तिचे चार भाग. त्यात कमी पडलं की पत्र येतं: तुमचं मूल ‘इंग्लिश लर्नर’ आहे.

ते पत्र पाहून घरात सुतक पडल्यासारखं होतं, विशेषतः मूल इंग्रजी माध्यमातून आलेलं असेल तर. म्हणून काही जुनी मंडळी सांगतात, “फॉर्मवर सरळ इंग्लिश लिहून टाका.” हा सल्ला मला पटत नाही. मुलाला खरंच मदत लागणार असेल तर ती मिळण्याचा हक्क आपण आपल्याच हातानं सोडतो. १९७४ साली ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला नुसतं वर्गात बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण देणं नव्हे, असा त्याचा अर्थ. ही मदत त्या निकालापासून चालत आली आहे.

निकाल चुकीचा वाटला तर पहिल्या वार्षिक एल्पॅकच्या (शिक्का निघेपर्यंत ही परीक्षा दरवर्षी होते) आधी शाळेकडे फेरतपासणी मागता येते, पण एकदाच. खास इंग्रजीचे वर्ग नको असतील तर पालक लेखी नकार देऊ शकतात. वार्षिक परीक्षा मात्र चुकत नाही. ती फेब्रुवारी ते मे या काळात होते. शिक्का निघायला चार गोष्टी बघतात: एल्पॅकमध्ये एकूण चौथी, म्हणजे सर्वांत वरची पातळी, शिक्षकांचं मत, पालकांशी चर्चा आणि त्याच वयाच्या इंग्रजी येणाऱ्या मुलांच्या तुलनेत मूलभूत कौशल्यं.

आता मुद्द्याची गोष्ट. विद्यापीठाच्या अर्जात हा शिक्का कुणी अपात्रतेचं कारण म्हणून बघत नाही. मुलं अडतात ती वेळापत्रकात.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) या दोन्हींना ‘ए टू जी’ नावाचे १५ वर्षभराचे विषय लागतात: इतिहास-समाजशास्त्र २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १ आणि ऐच्छिक १. प्रत्येकात किमान ‘सी’ श्रेणी. त्यातले ११ विषय यूसीसाठी बारावी सुरू होण्याआधी झालेले हवेत. यूसीला राज्यातल्या रहिवाशाची सरासरी चारच्या मापात ३.० आणि सीएसयूला २.५ असली की किमान पात्रता झाली. चांगल्या कॅम्पसला एवढ्यावर भागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

खोच इंग्रजीच्या चार वर्षांत आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या खास वर्गाचं यूसी फार तर एकच वर्ष धरते, तेही त्या वर्गाला तशी मान्यता असेल तर. म्हणजे मूल नववी, दहावी, अकरावी त्याच वर्गात बसलं तर हायस्कूल (इथे नववी ते बारावी) पास होईल, पण यूसीची अट अपुरीच राहील. त्यात त्या वर्गाचे दोन तास गेले की रसायनशास्त्र किंवा चित्रकलेला जागाच उरत नाही. ‘आधी इंग्रजी सुधारू दे, विज्ञान पुढच्या वर्षी बघू’ असं गोड बोलून सांगितलं जातं. इथे मान डोलावू नका. शिक्का आहे म्हणून मुख्य विषय नाकारता येत नाही, असा राज्याचा कायदा आहे. काउन्सेलरला (विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला) भेटा आणि प्रत्येक विषयापुढे तो ए टू जीमध्ये धरला जातो का, हे लिहून मागा. अकरावीत आलेल्या मुलाला काही वेळा स्थानिक अटींतून सूट देऊ करतात. त्यानं डिप्लोमा (हायस्कूल पास झाल्याचं प्रमाणपत्र) लवकर मिळतो, पण सुटलेला विषय विद्यापीठ मागतंच.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक दिलाशाची गोष्ट: सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं मराठी माध्यमात झाली असतील, तर दुसऱ्या भाषेची अट त्यावर भागू शकते. मग स्पॅनिशची दोन वर्षं वाचतात.

कागदपत्रं भारतातून निघतानाच गोळा करा; इथून फोनवर मागवताना जीव मेटाकुटीला येतो. जन्मदाखला, पासपोर्ट, आठवीपासूनची प्रगतिपुस्तकं, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर. लसींची नोंद अगदी तारखांसकट हवी. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळे ती बहुतेकांची राहिलेली असते. राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा विजेचं बिल चालतं. व्हिसा कोणता, यावर सरकारी शाळेतला प्रवेश अवलंबून नसतो.

विद्यापीठाचे दोन्ही अर्ज बारावीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातात. एसएटी या कॉलेज-प्रवेश परीक्षेचे गुण दोन्हीकडे बघत नाहीत. यूसीच्या अर्जात गुण आपणच भरायचे. भारतातले गुण आहेत तसेच लिहायचे, चारच्या मापात बसवायचे नाहीत. इंग्रजी माध्यमातलं हायस्कूल तीन वर्षांपेक्षा कमी झालं असेल तर टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागू शकते. शिवाय आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं असतात. नवी भाषा शिकताना काय काय केलं, हे तिथे बिनधास्त लिहावं.

फीचं गणित व्हिसावर फिरतं. एच-४ वरच्या (म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्या पालकाच्या) मुलाला ‘फाफ्सा’ या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची फीची मदत मिळत नाही; ग्रीनकार्डधारकाला मिळते. फाफ्साचा अर्ज साधारण १ ऑक्टोबरला खुला होतो आणि कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीसाठी २ मार्चची तारीख पाळतात. पण एच-४ असूनही राज्याचा रहिवासी ठरता येतं. त्यासाठी वर्षाहून जास्त काळ इथे राहिल्याचे पुरावे लागतात, म्हणजे राज्याचं कर-विवरण, वाहन परवाना, भाडेकरार वगैरे. यूसीत अनिवासी विद्यार्थ्याला वर्षाला ३० हजार डॉलरहून जास्त जादा फी पडते, त्यामुळे हे कागद पहिल्या महिन्यापासून जपा. मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो. तेव्हाचं नियोजन वकिलाला विचारून आधीच करा.

आणि ए टू जी नाहीच पुरं झालं तर? राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं (स्थानिक सरकारी, मुख्यतः दोन वर्षांची कॉलेजं) आहेत. तिथे प्रवेशाला गुणांची अट नाही, रहिवाशाला फी युनिटमागे (विषयाच्या श्रेयांकामागे) ४६ डॉलर. आपल्याकडे काही घरांत याला कमी लेखतात, ते अज्ञान आहे. दोन वर्षं नीट केली तर डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा यूसी कॅम्पसपैकी एकाशी हमीच्या प्रवेशाचा करार करता येतो. त्याचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरतात, म्हणजे यूसीच्या नेहमीच्या अर्जाच्याही आधी.