नोकरी करणाऱ्या प्रतिपालकांना मुलाच्या सांभाळाचा खर्च कसा भागवता येईल : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे (नागपूर)

नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात, बायको सीताबर्डीतल्या कार्यालयात आणि घरी दिवसभर थांबणारे कोणी नाही, अशा घराने प्रतिपालकत्वाचा (फॉस्टर केअर, म्हणजे दुसऱ्याचे मूल ठरावीक मुदतीसाठी आपल्या घरी सांभाळण्याचा) विचार सुरू केला की पहिला प्रश्न सांभाळाचा येतो. मूल दुपारी शाळेतून सुटल्यापासून आपण घरी पोहोचेपर्यंत पाळणाघरात राहील, तर त्याचे शुल्क शासन देते का? याचे उत्तर अर्जाच्या आधीच स्पष्ट असावे. पाळणाघराच्या शुल्कासाठी प्रतिपालकांना वेगळी रक्कम मिळत नाही. मुलाच्या देखभालीसाठी दरमहा जी रक्कम मंजूर होते, तिच्यातूनच जेवण, कपडे, शाळा आणि सांभाळ हे सर्व भागवावे लागते, आणि उरलेला भार कुटुंबाच्या उत्पन्नावर पडतो. हे ठाऊक नसल्यामुळे मूल घरी आल्यावर ओढाताण होऊ नये, एवढ्यासाठी ही माहिती सविस्तर देत आहे.

प्रतिपालकत्वाचा कायदेशीर आधार बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये आहे. दत्तक विधानाने मूल कायमचे आपले होते. प्रतिपालकत्वात मात्र काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीच्या आदेशाने ते ठरावीक मुदतीसाठी आपल्या घरी राहते, समिती दरमहा पाहणी करते आणि आढाव्यानंतर मुदत वाढवली जाते. मुलाचे शिक्षण, आरोग्य व पोषण ही प्रतिपालक कुटुंबाची जबाबदारी असल्याचे हेच कलम सांगते, आणि त्यासाठी राज्य शासनाने जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत मासिक निधी द्यावा असेही त्यात आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत ही रक्कम प्रति बालक दरमहा ४,००० रुपये आहे. महाराष्ट्राची स्वतःची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि अनाथ किंवा एकपालक मूल नातेवाइकांकडे वाढत असेल तेव्हा बहुधा हीच योजना लागू पडते. एकाच मुलासाठी दोन्ही रकमा मिळतील असे धरून घरखर्चाचा हिशेब मांडू नये. तसेच शासकीय महिला कर्मचाऱ्यांना मिळणारी बालसंगोपन रजा हा सेवानियमांचा भाग आहे. नावात साम्य असले तरी या योजनेशी तिचा संबंध नाही.

आता हिशेब. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर ४,००० रुपयांचे दिवसाला सुमारे १५४ रुपये होतात आणि २,२५० रुपयांचे सुमारे ८७. या पैशांत दुपारचा सांभाळ, डबा, वह्या आणि शाळेची व्हॅन एवढे सगळे बसणार नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या वस्तीतल्या, म्हणजे प्रतापनगर असो, नंदनवन असो की मनीषनगर, दोन-तीन पाळणाघरांत प्रत्यक्ष जाऊन अर्ध्या दिवसाचे आणि पूर्ण दिवसाचे दर वेगवेगळे विचारावेत आणि ते कागदावर घ्यावेत.

खरी अडचण वयाची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. २०२४ च्या आदर्श प्रतिपालकत्व मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालक कुटुंबात मुख्यतः ६ वर्षांवरील मुले दिली जातात, आणि कायद्यानुसार दत्तकयोग्य ठरवलेले मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही. याउलट नोकरदार आईवडिलांसाठीच्या सार्वजनिक सोयी नेमक्या सहाव्या वर्षी संपतात. मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमातील ‘पाळणा’ योजनेची अंगणवाडीसह पाळणाघरे ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहेत. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात आली आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ठेवण्यात आली. तिच्यात आईला दिवसातून ४ वेळा मुलाकडे जाण्याची मुभा आहे. पण प्रत्यक्षात ही पाळणाघरे लहानग्यांसाठीच चालवली जातात. म्हणजे दुसरीत शिकणारे, नुकतेच बालगृहातून घरी आलेले, नव्या घराला बिचकणारे मूल या दोन्ही सोयींच्या बाहेर राहते. माझ्या मते ही व्यवस्थेतली मोठी उणीव आहे, कारण शाळेनंतरचे ते चार तास ज्या मुलाला सोबतीची सर्वाधिक गरज असते, त्याच्यासाठीच कोणतीही सार्वजनिक सोय नाही. नातेवाइकांकडे असलेले चार-पाच वर्षांचे मूल मात्र ‘पाळणा’ केंद्रात जाऊ शकते, म्हणून त्यांनी आपल्या अंगणवाडी सेविकेकडे आधी चौकशी करावी.

पात्रतेचे निकष नोकरीच्या आड येत नाहीत. विवाहित दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान २ वर्षे स्थिर असावे आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान ७० असावी. २०२४ पासून अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायदेशीररीत्या विभक्त व्यक्तीही अर्ज करू शकते. अशा एकट्या अर्जदाराचे वय ६ ते १२ वर्षांच्या मुलासाठी ३५ ते ५५ आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलासाठी ३५ ते ६० असावे. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, तर एकट्या पुरुषाला केवळ मुलगा सांभाळता येतो.

अर्ज केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर ऑनलाइन नोंदवायचा आहे, आणि मदतीसाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतील जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधता येतो. आधार, पॅन, जन्मतारखेचा व रहिवासाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र किंवा परिस्थितीनुसार घटस्फोटाचा हुकूम अथवा जोडीदाराचा मृत्यू दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि कुटुंबाचे छायाचित्र ही कागदपत्रे आधीच जमवून ठेवावीत. नोकरदारांनी पगाराच्या पावत्यांसोबत तहसीलदारांचा उत्पन्न दाखलाही काढून ठेवलेला बरा. तो सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून मिळतो. चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज सर्वांत आधी करावा.

यानंतर सामाजिक कार्यकर्ते घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतात. दोघेही नोकरीत असलेल्या घरासाठी हाच टप्पा निर्णायक ठरतो. ‘बघू, शेजारच्या काकू आहेत’ असे उत्तर देऊ नये. मूल शाळेतून किती वाजता सुटते, त्याला कोण आणते, पाळणाघर कोठे आहे, तेथे कोण सांभाळते, मूल आजारी पडले तर रजा कोण घेणार, हे एका कोऱ्या कागदावर वेळांसह लिहून त्यावर दोघांच्या सह्या करून अर्जासोबत द्यावे. असा कागद कोणी मागत नाही, पण तो पाहून अधिकाऱ्याला घराची तयारी कळते, असा माझा अनुभव आहे.

आदेश हाती आल्यावर त्याच्या पाच-सहा छायाप्रती काढाव्यात. प्रतिपालक हे मुलाचे जन्मदाते वा दत्तक पालक नसल्याने शाळा, बँक आणि पाळणाघर या तिन्ही ठिकाणी हाच कागद ओळख पटवतो. मासिक रक्कम बँक खात्यात जमा होते, तेव्हा खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री करावी. पहिला हप्ता येण्यास विलंब होऊ शकतो. तीन महिन्यांचे पाळणाघराचे शुल्क बाजूला काढून ठेवूनच मूल घरी आणावे.

पाळणाघराची पावती हा विषय किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. गेल्या वर्षी एका प्रतिपालक आईने मला पाहणीसाठी जमवलेल्या पावत्या दाखवल्या : वहीचे फाडलेले पान, त्यावर पेन्सिलीने ‘सांभाळ, एप्रिल’ आणि रक्कम, ना तारीख, ना सही. खर्च तिने प्रामाणिकपणे केला होता, पण दाखवण्यासारखे हातात काही नव्हते. पावतीवर मुलाचे नाव, महिना, तारीख, रक्कम आणि चालकाची सही असावी, आणि शक्य असेल तर पैसे यूपीआयनेच द्यावेत.

पाळणाघराला दोन सूचना लेखी द्याव्यात. पहिली, आपण नावे दिलेल्या व्यक्तींखेरीज कोणाच्याही हाती मूल देऊ नये, मग येणारा स्वतःला मुलाचा मामा म्हणवत असला तरीही. जन्मदात्या पालकांच्या भेटी बाल कल्याण समितीने ठरवून दिल्याप्रमाणेच होतात. दुसरी, मुलाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नये. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास कलम ७४ अन्वये मनाई आहे आणि उल्लंघनास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाळणाघराच्या बाईंचा हेतू वाईट नसतो, वाढदिवसाचा केक कापतानाचा फोटो त्या कौतुकानेच टाकतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी समजावून सांगणे योग्य.

वार्षिक हिशेबात उन्हाळा वेगळा धरावा. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीच्या सुमारास उघडतात. मे आणि जूनमध्ये मूल पूर्ण दिवस पाळणाघरात असते आणि शुल्कही पूर्ण दिवसाचे लागते. या काळात त्याला गावी आजी-आजोबांकडे पाठवायचे असेल, तर कक्षाला आधी लेखी कळवावे, कारण मासिक पाहणीसाठी येणाऱ्यांना मूल कोठे आहे हे ठाऊक असणे आवश्यक आहे. आदेशाची मुदत याच महिन्यांत संपत असेल, तर मुदतवाढीचा अर्ज, पावत्या आणि शाळेचे प्रगतिपत्रक घेऊन एप्रिलमध्येच कक्षात जावे.