कॉर्न, किंग आणि मिल्क स्नेक : पेटी सारखी, स्वभाव वेगळे

घरी पेटीत पाळले जाणारे हे तिन्ही साप एकमेकांचे जवळचे नातलग. तिघेही बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारे. पेटीच्या उबदार टोकाला 29 ते 31 अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला 22 ते 24 ठेवलं, की तिघांचंही भागतं. हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) मात्र थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका. पोट भाजलं तरी साप जागचा हलेलच असं नाही.

पहिल्यांदाच साप पाळणाऱ्यांना आम्ही कॉर्न स्नेक सुचवतो. हातात घेतला की तो सावकाश बोटांमधून सरकत राहतो. मात्र पळून जाण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. डोकं शिरेल एवढी फट असली तर मागून अख्खं अंग निघतं. झाकणावर वजन ठेवून भागत नाही, खिट्टीच हवी.

किंगस्नेक कायम भुकेला. निसर्गात तो इतर साप खातो, अगदी विषारी रॅटलस्नेकसुद्धा. म्हणून दोन किंगस्नेक एका पेटीत कधीच ठेवू नका. नर-मादी असले तरी एक दुसऱ्याला गिळू शकतो. माणसाला तो बहुतेक वेळा खाणं समजूनच चावतो आणि मग सोडत नाही, चघळत बसतो. हिसका देऊन ओढू नका, त्याचे दात तुटतात. गार पाण्याची धार धरा, सोडेल. मुळात हे टाळता येतं. पेटीत हात घालण्याआधी साबणाने धुवा आणि कागदाच्या नळीने त्याच्या अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करा. खाणं नेहमी 25 ते 30 सेंमी लांब चिमट्यानेच द्या. नळी म्हणजे हाताळणं आणि चिमटा म्हणजे जेवण, हे त्याला लवकर कळतं.

मिल्क स्नेक किंगस्नेकच्याच कुळातला, पण बुजरा. धरलं की झटके देतो, घाण वासाचा स्राव सोडतो. वाढत्या वयाबरोबर बहुतेक निवळतात. त्याला 5 ते 8 सेंमी खोल ॲस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा आणि दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसतील अशा लपायच्या जागा द्या. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातली तेलं बाधतात. पिल्लं अनेकदा उंदराचं पिल्लू नाकारतात, कारण निसर्गात ती पाली-सरडे खातात. अशा वेळी साप आणि गोठवलेलं, मग वितळवून कोमट केलेलं उंदराचं पिल्लू भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात रात्रभर अंधारात ठेवा. डोळे दुधाळ झाले असतील तर कात पडेपर्यंत थांबा.

भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढंच जाड असावं. पिल्लांना दर 5 ते 7 दिवसांनी, मोठ्यांना 10 ते 14 दिवसांनी. खाल्ल्यावर 48 तास हात लावू नका. तरीही ओकला, तर भक्ष्य मोठं होतं किंवा पेटी गार होती, हे आधी तपासा. मग 10 ते 14 दिवस पोटाला विश्रांती द्या आणि निम्म्या आकाराच्या भक्ष्याने सुरुवात करा. दुसऱ्यांदा ओकला तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या.