शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर, म्हातारपण आणि नैराश्य: त्यावरच्या मानसोपचारांची पार्श्वभूमी

सत्तरी ओलांडलेल्या आणि कॅन्सर शरीरभर पसरलेल्या माणसाला नैराश्य आले, तर त्याच्यावर वेगळे उपचार करायला हवेत, हा विचार वैद्यकात तसा अलीकडचा आहे. ‘या वयात, असल्या आजारात माणूस खचणारच’ असे डॉक्टर म्हणत, घरचे म्हणत, आणि रुग्णालाही ते पटलेले असे. पुढची सगळी वाटचाल म्हणजे हे गृहीत हळूहळू मोडीत निघण्याची कथा आहे.

सुरुवातीची अडचण तर अगदीच प्राथमिक होती: रुग्णाला आजार काय आहे हेच सांगितले जात नसे. 1961 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात कॅन्सरचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे 90 टक्के डॉक्टरांचा कल होता. 1979 मध्ये अमेरिकेत तशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. दोन दशकांच्या आत वैद्यकीय रीत इतकी उलटल्याची उदाहरणे कमीच असतील. ज्याला आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नाही, त्याच्याशी त्याच्या भीतीबद्दल बोलणार तरी काय?

याच काळात लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, कौटुंबिक आणि आध्यात्मिक अशी सगळी मिळून एकच असते, अशी त्यांची मांडणी होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात 1977 मध्ये जिमी हॉलंड आल्या आणि त्यांनी कॅन्सर रुग्णांसाठी मनोविकार विभाग उभा केला. (नाव पुरुषाचे वाटते, पण या टेक्सासमध्ये जन्मलेल्या बाई.) सायको-ऑन्कोलॉजी ही कॅन्सर रुग्णांच्या मनाचा विचार करणारी शाखा नावारूपाला आली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

पण नैराश्य ओळखायचे कसे? भूक मंदावणे, झोप उडणे, वजन घटणे, थकवा ही नैराश्याचीही लक्षणे आणि कॅन्सरची व केमोचीही. 1983 मध्ये झिग्मंड आणि स्नेथ या मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णालयातल्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली दिली, तिच्यात अशी शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळली होती. त्याच सुमारास येसावेज आणि सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी 30 प्रश्नांची ‘हो-नाही’ पद्धतीची चाचणी तयार केली. म्हातारी माणसे ‘मला उदास वाटते’ असे सहसा म्हणत नाहीत; अंग दुखते, जेवण जात नाही, असेच सांगतात. त्यामुळे साधे, शरीराला बाजूला ठेवणारे प्रश्न गरजेचे होते. 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, पॅलिएटिव्ह केअरमधल्या (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या देखभालीतल्या) साधारण सहातल्या एका रुग्णाला नैराश्य असल्याचे दिसले. म्हणजे सहातले पाच जण त्याच मरणाच्या सावलीत असूनही नैराश्यात नव्हते. ‘खचणारच’ या गृहीताला याहून सरळ उत्तर नाही.

उपचारांकडे येताना अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांच्यापाशी थांबायला हवे. म्हातारी माणसे सारखी जुन्या गोष्टी उगाळतात, हे तेव्हा बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजले जाई. बटलर यांनी 1963 च्या लेखात नेमके उलटे म्हटले: मरण जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस आयुष्याचा हिशेब मांडू लागतो, राहून गेलेले, चुकलेले पुन्हा तपासतो, आणि ही प्रक्रिया स्वाभाविक आहे. नीट ऐकून घेणारे कोणी असेल तर तिचा उपयोग होतो. नातवंडे ज्या गोष्टींना कंटाळतात, त्यांतच उपचाराचे बीज होते.

कॅनडाच्या विनिपेगमधले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी पुढे याच धर्तीवर ‘डिग्निटी थेरपी’ उभी केली. 2005 मध्ये तिचा 100 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पद्धत साधी आहे. आयुष्यातले कोणते काळ महत्त्वाचे वाटतात, घरच्यांनी काय लक्षात ठेवावे, त्यांना काय सांगायचे राहिले, असे प्रश्न विचारायचे. बोलणे ध्वनिमुद्रित करून उतरवायचे. संपादित करून रुग्णाला वाचून दाखवायचे आणि त्याच्या इच्छेने कुटुंबाला द्यायचे. 2011 च्या मोठ्या चाचणीत मात्र मानसिक त्रासाच्या मोजमापांत ठळक फरक दिसला नाही. मुळात सहभागी रुग्णांचा त्रासच कमी होता, हे त्यामागचे एक कारण. रुग्णांनी स्वतः मात्र तिचा फायदा झाल्याचे तुलनेसाठी दुसरी देखभाल मिळालेल्या गटांपेक्षा जास्त सांगितले. तेव्हा हा नैराश्यावरचा सिद्ध उपाय आहे असे म्हणणे घाईचे ठरेल.

मधल्या काळात एक फाटाही फुटला. 1989 मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात, गटोपचार घेतलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया सरासरी 36.6 महिने जगल्या, इतर 18.9 महिने. मोठा गाजावाजा झाला. 2001 मध्ये कॅनडातल्या 235 स्त्रियांवरच्या चाचणीत आयुष्य वाढलेले दिसले नाही. मनःस्थिती आणि वेदना यांत मात्र सुधारणा होती. मन बरे वाटणे हेच पुरेसे कारण का मानू नये, हा प्रश्न त्या गाजावाज्यात मागे पडला, असे मला वाटते.

तो प्रश्न पुढे आणला स्लोन केटरिंगचेच मनोविकारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट यांनी. नाझी छळछावणीतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या, जगण्याचा अर्थ शोधण्याच्या विचारावर त्यांनी आठ आठवड्यांचा गटोपचार बेतला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या 253 रुग्णांच्या चाचणीत निराशा आणि नैराश्य दोन्ही कमी झाले. तरीही वृद्धांसाठी म्हणून काही नव्हते. हॉलंड यांनी उतारवयात हाच विषय धरला. त्या आणि क्रिश्चन नेल्सन यांच्या गटाने सत्तरीपुढच्या रुग्णांसाठी पाच सत्रांचा उपचार बेतला, तोही फोनवरून, कारण या वयात, अशक्तपणात रुग्णालयाच्या फेऱ्या झेपत नाहीत. त्याची पहिली चाचणी लहानच होती. बोलण्याच्या उपचारांना या वयात महत्त्व येण्याचे आणखी एक कारण आहे: नैराश्याच्या काही गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम घसरते, आणि काही गोळ्या कॅन्सरच्या औषधांच्या आड येतात.

आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून आहे. पण आपल्या घरांत अजून 1961 चे शिकागो नांदते. ‘बाबांना काही सांगू नका’ असे मुलगा डॉक्टरांना बाहेरच गाठून सांगतो आणि बाबांनी सगळे ओळखलेले असते. आयुष्याचा हिशेब मांडायला लावणारा कोणताही उपचार इथे आणायचा, तर समुपदेशकाला आधी त्या मुलाशी बोलावे लागते.