बारावी पास, वय १८ ते ३५: रोजगार योजनांच्या अटी आल्या कुठून?

महाराष्ट्र शासनाच्या कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाने ९ जुलै २०२४ रोजी 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने'चा शासन निर्णय काढला. गावोगावी ती 'लाडका भाऊ' या नावानेच पोहोचली. उमेदवार महाराष्ट्राचा रहिवासी हवा, वय १८ ते ३५ हवं, शिक्षण किमान बारावी. सध्या तो कुठे शिकत नसावा. बँक खातं आधारशी जोडलेलं असावं आणि आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलेलं असावं. बारावी झालेल्याला दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने.

या अटी वाचणाऱ्याला त्या कुणीतरी टेबलाशी बसून नुकत्याच ठरवल्या असं वाटेल. पण त्यातली बहुतेक प्रत्येक अट जुनी आहे. एकेका काळात एकेका अडचणीवर ती शोधली गेली, आणि अडचण बदलली तरी तिथेच राहिली. हा सगळा प्रवास पाहताना एक गोष्ट मला सारखी जाणवते. तरुणाला आत घेताना सरकारने जेवढी बारीक तपासणी केली, तेवढी त्याला बाहेर पडताना काय मिळालं याची क्वचितच केली.

सुरुवात १९४५ ची. दुसरं महायुद्ध संपत होतं आणि लाखो सैनिक घरी परतणार होते. त्यांचं काय करायचं, या चिंतेतून त्या वर्षी जुलैमध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं स्वतंत्र संचालनालय आणि त्याच्या हाताखाली रोजगार विनिमय केंद्रं उभी राहिली. पात्रता अगदी सोपी होती: सैन्यातून मोकळा झालेला जवान किंवा युद्धाच्या कामावरून कमी झालेला कामगार. फाळणीनंतर निर्वासितांना दार उघडलं आणि १९४८ च्या सुरुवातीला ते सगळ्यांसाठीच खुलं झालं.

इथे एक महत्त्वाचा बदल झाला. सैनिक असणं किंवा निर्वासित असणं सिद्ध करता येतं. 'मी बेकार आहे' हे कसं सिद्ध करायचं? केंद्रांनी तो प्रश्न विचारलाच नाही. जो येईल त्याचं नाव लिहायचं. अधिकारी शिक्षण, अनुभव आणि कामाची आवड विचारायचा आणि त्यावरून उमेदवाराला व्यवसायाचा एक सांकेतिक क्रमांक मिळायचा. १९५८ मध्ये देशातल्या व्यवसायांचं पहिलं राष्ट्रीय वर्गीकरण तयार झालं, तेव्हा या क्रमांकांना एकसारखी शिस्त आली. मूल्यमापन म्हणायचं तर एवढंच. मालकाकडून मागणी आली की त्या क्रमांकाची, जुन्या नोंदणीची नावं आधी निघायची.

बी. शिवा राव यांच्या समितीच्या शिफारशीनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून केंद्रांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. मग १९५९ चा कायदा आला आणि तो १ मे १९६० पासून लागू झाला. सरकारी आस्थापनांनी आणि २५ किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा केंद्राला कळवायच्या. कळवायच्या, एवढंच. केंद्राने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे, असं कायदा कुठेच म्हणत नव्हता. तरी सरकारी भरतीत प्रथा अशी पडली की एक्स्चेंजकडून, म्हणजे या केंद्राकडून, 'कॉल' आल्याशिवाय मुलाखतीला उभंच राहता येत नसे. म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दहावीचा निकाल लागला की पहिलं काम ठरलेलं असे: एक्स्चेंजमध्ये नाव घालून ये. कॉलेजात शिकणारा मुलगाही नोंद करायचा, कुठे लहानशी नोकरी करणाराही करायचा, कारण नोंदणीची तारीख हीच सिनियॉरिटी होती. नूतनीकरण चुकलं की ती गेली. त्यामुळे नोंदपटावरचा आकडा बेकारांचा आकडा कधीच नव्हता, रांगेत नाव लावून ठेवलेल्यांचा होता.

१९८७ मध्ये हरगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा फक्त जागा कळवायला लावतो, पण सरकारने स्वतःपुरती केंद्रातूनच उमेदवार घेण्याची शिस्त पाळली तर त्यात गैर नाही. १९९६ मध्ये विश्वेश्वर राव प्रकरणात न्यायालय पुढे गेलं: केंद्राकडून नावं मागवावीतच, पण वर्तमानपत्रांतही जाहिरात द्यावी आणि येतील त्या सगळ्यांचा विचार करावा. त्या निकालानंतर एक्स्चेंजच्या कार्डाचं वजन उतरत गेलं. वर्षानुवर्षं नूतनीकरण करत आलेल्यांच्या हाती फक्त ते कार्ड राहिलं.

या सगळ्याच्या मधल्या काळात, सत्तरच्या दशकात, महाराष्ट्रात एक अगदी वेगळा विचार उभा राहत होता आणि त्यावर थोडं थांबायला हवं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून खेड्यातल्या हातांना काम द्यायचं, ही त्यामागची व्यवस्था. पात्रता काय? ग्रामीण भागात राहणारा प्रौढ आणि अंगमेहनतीचं काम करायची तयारी. उत्पन्नाचा दाखला नको, शिक्षणाची अट नको, ३५ ची मर्यादा नको. जो उन्हात दगड फोडायला, माती उपसायला तयार आहे त्याला कामाची गरज आहे, हे त्याच्या येण्यातूनच सिद्ध होतं, असा त्यामागचा विश्वास होता. मूल्यमापन व्हायचं ते माणसाचं नव्हे, त्याने केलेल्या कामाचं. मस्टरवर नाव, खोदलेल्या मातीचं मोजमाप आणि त्यावर मजुरी. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर होती, मग तो दिवसाला एक रुपया का असेना.

यात गैरप्रकार झाले, खोटी मस्टरं भरली गेली, मजुरी महिनोन्महिने थकली. हे सगळं खरं आहे. तरीही गरजवंताने स्वतःला सिद्ध करण्याचं ओझं ज्या योजनेने सर्वांत कमी ठेवलं ती हीच, असं मला ठामपणे वाटतं. पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याने हाच गाभा उचलला.

पण शिकलेल्या मुलाला फावडं नको होतं, आणि सरकारलाही ते कळत होतं. म्हणून १९७४ मध्येच राज्याने सुशिक्षित बेरोजगारांसाठी 'रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम' सुरू केला. आस्थापनेत काही महिने काम शिकायचं आणि सरकारकडून विद्यावेतन घ्यायचं. आजची युवा कार्य प्रशिक्षण योजना याच कार्यक्रमाची वाढवलेली, मोठ्या पैशाची आवृत्ती आहे. म्हणजे दुष्काळाच्या त्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्राने दोन दारं केली: अशिक्षितासाठी अट नसलेलं आणि शिकलेल्यासाठी अटींचं. ती विभागणी आजही तशीच आहे.

पुढची दोन दशकं कर्जाची. १५ ऑगस्ट १९७९ ला ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचं प्रशिक्षण देणारी 'ट्रायसेम' आली. वय १८ ते ३५, कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं. ही वयाची चौकट तेव्हापासून योजनांमागून योजनांत दिसते. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने युवक म्हणजे १५ ते २९ असं ठरवलं, तरी योजनांमधला ३५ चा आकडा हलला नाही. १९८३ मध्ये मॅट्रिक झालेल्यांना २५ हजारांपर्यंत कर्ज आणि त्यावर २५ टक्के अनुदान देणारी योजना निघाली. आणि २ ऑक्टोबर १९९३ ला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली, जिने एका अख्ख्या पिढीला जिल्हा उद्योग केंद्राचा रस्ता दाखवला.

तिच्या अटी वाचल्या तर सरकारचा तरुणावरचा भरवसा आणि अविश्वास दोन्ही कळतात. वय १८ ते ३५. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अपंग आणि माजी सैनिकांना दहा वर्षांची सवलत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सुरुवातीला २४ हजारांच्या आत, पुढे मर्यादा वाढत गेली. त्या भागात तीन वर्षांचा रहिवास, जो बहुधा रेशन कार्डावरून दाखवायचा. कुठल्या बँकेचा थकबाकीदार नसावा. हे सगळं जुळलं की कार्यदलाची, म्हणजे निवड समितीची, मुलाखत: धंदा कुठला, माल कुठून आणणार, विकणार कुठे. मुलाखत पार पडली की प्रकरण बँकेत जायचं, आणि खरी परीक्षा तिथेच सुरू व्हायची. शाखा अधिकारी पुन्हा आपल्या पद्धतीने पारखायचा. सरकारने पात्र ठरवलेला तरुण बँकेने नापास करावा, हे सर्रास घडलं. कार्यदल गरज पाहत होतं, बँक परतफेड पाहत होती. दोन कसोट्या एकमेकींशी बोलतच नव्हत्या.

२००८ मध्ये ती योजना पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात विलीन झाली, तेव्हा उत्पन्नाची मर्यादा निघाली, वयाची वरची मर्यादाही निघाली. आठवी पासची अट राहिली ती फक्त मोठ्या प्रकल्पांना. अटी सैल झाल्या हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर योजनेचा रोखही गरिबाकडून प्रकल्पाकडे वळला.

थेट भत्त्याचा रस्ता महाराष्ट्राने घेतला नाही. केरळने १९८२ मध्ये घेतला, आणि तिथे पात्रतेची गणितं फार काटेकोर होती: दहावी, वय २१ ते ३५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १२ हजारांच्या आत आणि १८ व्या वर्षानंतर केंद्रात सलग तीन वर्षांची नोंदणी. तीन वर्षं वाट पाहिली हाच बेकारीचा पुरावा.

आता शेवटाच्या तपासणीकडे. तांत्रिक शिक्षणात ती परंपरा जुनी आहे. आयटीआयची ट्रेड परीक्षा, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची परीक्षा, यांत हातातलं काम पाहिलं जायचं: जोड नीट बसला का, वेल्डिंग सरळ आलं का. आजही फिटर किंवा टर्नरच्या प्रमाणपत्राला कारखान्यात किंमत आहे ती त्यामुळे. २०१३ च्या अखेरीस राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट आली आणि प्रत्येक कामाला पातळी मिळाली. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षण देणाऱ्याने परीक्षा घ्यायची नाही, ती त्रयस्थ मूल्यमापकाने घ्यायची, असं ठरलं. तत्त्व योग्यच होतं. पण अल्पमुदतीचे वर्ग आणि एका दिवसात उरकणारं मूल्यमापन यांतून आलेलं प्रमाणपत्र मालकाला किती सांगतं, यावर शारदा प्रसाद समितीने त्याच सुमारास कठोर टीका केली.

एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. २०१४ ची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना. तिथे प्रशिक्षण संस्थेचे पैसे मुलांना प्रत्यक्ष नोकरी लागण्याशी जोडले गेले, शिकवलेल्यांपैकी ७० टक्क्यांना नोकरी लावण्याची अट घातली गेली. म्हणजे परीक्षा संस्थेचीही होती.

आता २०२४ कडे परत येऊ. त्याच वर्षी केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली आणि दोन्हींच्या अटी शेजारी ठेवल्या की फरक ठळक होतो. केंद्राच्या योजनेत तेव्हा वय २१ ते २४, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, घरात कायम सरकारी नोकरी नको. आयआयटी, आयआयएमसारख्या संस्थांतले पदवीधर आणि सीए, एमबीए झालेले अपात्र, पण दहावी झालेला पात्र. म्हणजे ज्याला आधीच वाट सापडली आहे त्याला बाहेर ठेवायचं. राज्याच्या योजनेत उत्पन्नाची अट नाही, पण दहावीवर थांबलेल्याला दार बंद. आत आलेल्यांतही ज्याचं शिक्षण जास्त त्याला पैसे जास्त. बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडलेल्या मुलाला ६ हजार आणि पदव्युत्तर शिकलेल्याला १० हजार. तालुक्याला यायला एसटीचं तिकीट मात्र तो तेवढंच काढतो. हा हिशेब मला पटत नाही.

आस्थापनांनाही अटी आहेत: किमान तीन वर्षं जुनी असावी, भविष्य निर्वाह निधी, जीएसटी वगैरे नोंदण्या असाव्यात. फसवणूक टाळायला त्या हव्यातच. पण तालुक्याच्या गावातलं गॅरेज, फॅब्रिकेशनचं दुकान, शिवणकामाचं युनिट यांत बसत नाही, आणि खरं काम तर तिथेच शिकायला मिळतं. परिणामी ग्रामीण भागातले उमेदवार मोठ्या संख्येने सरकारी कार्यालयांत, ग्रामपंचायतींत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत गेले. तिथे रिकाम्या जागांवरचं रोजचं काम त्यांनी केलं, शाळांत वर्गही सांभाळले. हजेरी मात्र कडक: महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजर राहिलं तर त्या महिन्याचं विद्यावेतन नाही. काय शिकलं, याची तपासणी हजेरीइतकी कुठेच नाही. शेवटी मिळतं ते आस्थापनेचं प्रमाणपत्र.

शासन निर्णयानुसार हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. किमान वेतन, कर्मचारी राज्य विमा, भविष्य निर्वाह निधी यांचे कायदे लागू नाहीत. उमेदवार योग्य वाटला तर आस्थापना त्याला कामावर घेऊ शकते, घेतलंच पाहिजे असं नाही. १९५९ च्या कायद्यातही नेमकी हीच जागा मोकळी सोडली होती. २०२५ मध्ये मुदत सहावरून अकरा महिने झाली. ती संपत आली तसे प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, आझाद मैदानापर्यंत गेले. कार्यालयाचं काम आम्ही केलं, आता आम्हाला कायम करा, किंवा निदान भरतीत या अनुभवाचे गुण द्या, ही त्यांची मागणी होती.