बॅटरी बिघडते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

डिसेंबरातली पहाट, पारा दहाच्या आसपास, कापूस जिनिंगला न्यायचा म्हणून घाई, आणि चावी फिरवली की नुसतं कट-कट-कट. विदर्भातल्या गावांत हे दर हिवाळ्यात घडतं आणि सगळे थंडीला दोष देतात. पण बॅटरीचं नुकसान झालेलं असतं ते उन्हाळ्यात. थंडी ते फक्त उघडकीला आणते.

गाडीची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. आत शिशाच्या प्लेटा आणि पाणी घातलेलं गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये अशी बॅटरी बनवली. मूळ रसायन आजही तेच आहे. वीज वापरली की प्लेटांवर लेड सल्फेट धरतं, चार्ज झाली की ते परत निघून जातं.

आता अकोला-चंद्रपूरचा मे आठवा. बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्या उष्णतेत प्लेटांच्या आतल्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात. तरीही गाडी सुरू होत राहते, कारण गरम इंजिनातलं ऑइल पातळ असतं आणि बॅटरीही जोमात वीज देते. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो, आणि नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर घटतो. म्हणून आपल्याकडे तीन वर्षं झालेल्या बॅटरीकडे संशयानेच बघावं.

पहिली खूण कानाला कळते. सेल्फ मारल्यावर इंजिन आधीसारखं झटकन न फिरता रेंगाळत फिरतं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला हे जाणवतं, दुपारी जाणवत नाही, म्हणून माणूस विसरून जातो. विसरू नका.

दुसरी खूण डोळ्यांनी पाहता येते. तिन्हीसांजेला गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. उजेड जरासा कमी होणं ठीक. पार विझत आला आणि इंजिन फिरेना, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. उजेड तसाच लख्ख राहिला आणि एकदाच ‘टक’ वाजलं, तर बहुधा बॅटरीचा दोष नाही. सेल्फ मोटर किंवा तिचं वायरिंग तपासा.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर झाली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे येत नसतील तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा बेल्ट पाहा. हे न पाहता नवी बॅटरी टाकली तर तीही थोड्याच दिवसांत उतरते आणि पैसे पाण्यात जातात. झाकणावरच्या हिरव्या ठिपक्यावरही पूर्ण विसंबू नका, तो सहापैकी एकाच कप्प्याची खबर देतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. वायर काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. म्हणजे प्लस सोडताना पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरी फुगली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर सेल्फ मारू नका, काडी पेटवू नका. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन स्फोट घडवतो.

पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी तर अजिबात नको, त्यातले क्षार प्लेटा खातात. आरओचं पाणीही चालत नाही, क्षार त्यातही थोडे उरतातच. वरून ॲसिड ओतायची गरज नसते, कारण उडून गेलेलं असतं ते पाणी.

गाडी फक्त घर ते फाटा एवढीच चालत असेल, तर सेल्फने खाल्लेली वीज भरून निघत नाही. लग्नकार्यापुरती काढली जाणारी गाडीही तशीच. अर्धवट चार्जमध्ये पडून राहिलं की सल्फेटचे कडक खडे बनतात आणि ते मग चार्जिंगनेही हटत नाहीत. अधूनमधून गाडी तासभर सलग चालवा, नाहीतर बॅटरी चार्जरला लावा.

तपासणीला दसरा हा उत्तम दिवस. पूजेसाठी गाडी धुतली जातेच, त्याच दिवशी बॉनेट उघडून व्होल्ट मोजा, आणि बॅटरी जुनी असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. नुसते १२.६ दाखवणारी बॅटरीसुद्धा जोर लागला की कोसळते, ते याच टेस्टमध्ये कळतं. बदलावी लागली तर जुनी दुकानदाराकडेच द्या, तिचे पैसेही वजा होतात. अंगणात फोडून ॲसिड मातीत ओतू नका. त्यातलं शिसं जमिनीत राहतं आणि लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरतं.