ख्रिस्ती प्रार्थनेच्या पद्धती (कोकण किनारा)

प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणं, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे व्याख्येत फार शिरत नाही. वसई-उत्तनपासून मालवण, वेंगुर्ला आणि पुढे गोव्यापर्यंतची ख्रिस्ती माणसं हे बोलणं कितीतरी तऱ्हांनी करतात, कोणी मणी मोजून, कोणी गाऊन, कोणी ओवी वाचून तर कोणी नुसतं गप्प बसून. एका पद्धतीत वाढलेल्या माणसाला दुसरी सापडते तेव्हा पहिली सुटतेच असं नाही, उलट बऱ्याच घरांत दोन-तीन एकत्र नांदतात.

सगळ्यांच्या मुळाशी येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आहे. ती बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या आणि लूकच्या अकराव्या अध्यायात येते, लूकची छोटी आहे. शेवटचं ‘राज्य, सामर्थ्य, गौरव तुझंच’ हे वाक्य मत्तयच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही, ते उपासनेत म्हणता म्हणता मजकुरात आलं असावं असं बहुतेक अभ्यासक धरतात. दिदाखे नावाच्या जुन्या ग्रीक पुस्तकात (पहिल्या शतकाची अखेर किंवा दुसऱ्याची सुरुवात, नक्की सांगणं कठीण) ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलंय, आणि तिथे मात्र त्या वाक्याचं एक रूप आहे. म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत प्रार्थना ही सवय फार जुनी.

मोजून करायच्या प्रार्थनेत मुख्य म्हणजे रोझरी (मण्यांची जपमाळ), गोवा-सिंधुदुर्गात हिला ‘तेर्स’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, अर्थ तिसरा हिस्सा. एका दशकात (दहा मण्यांच्या गटात) एकदा ‘आमच्या बापा’ आणि दहा वेळा ‘नमान मोरिये’ (मरियेला नमन), पूर्ण माळ अशा पंधरा दशकांची म्हणजे १५० नमनांची, आणि घरी रोज त्यातली पाचच म्हणायची म्हणून तेर्स. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये प्रकाशाची पाच रहस्यं (प्रत्येक दशकाला मनात धरायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग) जोडली, त्यामुळे आता हिशोबाने तो चौथा हिस्सा झालाय, पण नाव तेच राहिलं. १५० हा आकडा बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांवरून आलाय, ज्यांना लॅटिन वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी स्तोत्रांच्या जागी नमनं, हे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे मानलं जातं.

उगमाचा वाद मात्र मोठा आहे. परंपरा सांगते की तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मरियामातेने ही माळ संत डॉमिनिकना दिली. पण डॉमिनिक वारले १२२१ मध्ये, त्यांच्या सुरुवातीच्या चरित्रांत याचा उल्लेख नाही, आणि ही कथा पसरवली ती १४७५ मध्ये वारलेल्या आलां द ला रोश या डॉमिनिकन साधूने. पंधराव्याच शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ट्रिअरच्या मठातल्या प्रशियाच्या डॉमिनिक नावाच्या कार्थुसियन साधूने (हे वेगळे डॉमिनिक, नावामुळे गोंधळ होतो) प्रत्येक नमनाला येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग जोडला होता. मोजणं तर त्याहून कितीतरी जुनं, चौथ्या शतकातला इजिप्तमधला पॉल नावाचा तपस्वी रोज तीनशे प्रार्थना करायचा आणि प्रत्येकीला मांडीवरचा एक खडा खाली टाकायचा. जपमाळ भारतातून युरोपात गेली असंही म्हटलं जातं, पण त्याला पुरावा फार पातळ आहे. एकूण पाहता माळ हळूहळू घडली हेच जास्त पटतं. ‘आम्हा पापी जनांसाठी विनंती कर’ हा नमनाचा शेवटही १५६८ च्या रोमन प्रार्थनापुस्तकात कायम झाला आणि १५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी रोझरीला अधिकृत मान्यता दिली.

गाऊन केलेली प्रार्थना म्हणजे लदीन. गावच्या खुरसाला (क्रुसाला) चुना काढलेला असतो, झेंडूची माळ घातलेली असते, मेणबत्त्या वाऱ्याने विझतात म्हणून कोणीतरी तळहाताचा आडोसा धरून उभं असतं, मेस्त (चर्चमधला गाणं शिकवणारा) व्हायोलिनवर सूर देतो आणि मरियेच्या एकेका नावामागे सगळे ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतात, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. संपल्यावर उकडलेले चणे वाटतात. ही लोरेटोची लितानी, म्हणजे नामावलीची प्रार्थना, पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये मान्य केली, मजकूर त्याच्या आधीचा.

शब्द लोकांच्या भाषेत आणायचं श्रेय इथे येशूसंघीयांना (जेझुइटांना) द्यावं लागतं. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि घंटा वाजवत रस्त्यावरून पोरं गोळा करून त्यांना प्रार्थना चालीवर शिकवू लागले. नंतर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं आणि ते चर्चमध्ये लोकांपुढे वाचलं जायचं. पुराण ऐकणं ही सवय घराघरात आधीपासून होतीच, म्हणून हे वाचन नुसती शिकवण नव्हती, ती प्रार्थनाच होती असं माझं मत आहे.

मुंबईच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर प्रोटेस्टंट मिशनचं काम १८२३ च्या सुमारास बाणकोटला स्कॉटिश मिशनऱ्यांनी सुरू केलं. त्यांच्याकडे माळ नाही, स्वतःच्या शब्दांत मोठ्याने केलेली प्रार्थना महत्त्वाची. मराठी भजनाची गोडी तिच्यात मिसळली ती मुख्यतः रेव्हरंड ना. वा. टिळकांमुळे, ते जन्मले रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला १८६१ मध्ये, बाप्तिस्मा १८९५. पेटी आणि झांजेवर त्यांची पदं म्हणताना माणसं डोळे मिटून डोलतात, तिथे गाणं कुठे संपलं आणि प्रार्थना कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही.

गप्प राहून करायच्या पद्धती अलीकडे रिट्रीटमधून (प्रार्थनेसाठीच्या एकांत शिबिरांतून) जास्त कळायला लागल्या. बाराव्या शतकात गुईगो दुसरे या कार्थुसियन साधूने वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. आपल्या श्रवण-मनन-निदिध्यासनाची आठवण येते खरी, पण उगम वेगळे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची रात्रीची उजळणी त्याहून सोपी, दिवस डोळ्यासमोर आणायचा, आभार मानायचे, चुकलं ते कबूल करायचं. उपवासकाळातली क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचं मनन) चौदा थांब्यांची, ही संख्या १७३१ मध्ये ठरली. मुंबई-नवी मुंबईतले मलयाळी ऑर्थोडॉक्स पूर्वेकडे तोंड करून, ठरलेल्या प्रहरी प्रार्थना करतात.

उपासनेत लोकांच्या भाषेला वाव देणाऱ्या डिसेंबर १९६३ च्या व्हॅटिकन निर्णयानंतर मिस्सा हळूहळू मराठी-कोंकणीत आली. खुरसापुढची लदीन मात्र अजून बऱ्याच वाड्यांवर लॅटिनमध्येच चालते.