पाण्याला टेकू न देणारा लेप

मराठवाड्यात लोखंडाला मुसळधार पावसापेक्षा पहाटेच्या दवाचा धोका अधिक. गंज चढण्यासाठी लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. धातूवर पाण्याचा जाड थर असला की हवेतला ऑक्सिजन तळापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. दवाचा थर मात्र इतका पातळ असतो की ऑक्सिजन झटकन आत शिरतो. त्यात पेरणीच्या वेळी पोटॅश खताची भुकटी औजाराला चिकटलेली असेल, तर आणखी वाईट. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि त्यातला क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडतो.

म्हणूनच हंगाम संपला की नांगराच्या फाळाला, वखराच्या पासेला जळकं ऑइल फासतात. हाही पाणी दूर ठेवणारा लेपच, आणि कल्पना चांगली आहे. पण ऑइल ओघळतं, धूळ धरतं आणि पुढच्या पेरणीला मातीत उतरतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली काजळी आणि धातूंचे कण असतात. ते शेतात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी स्वच्छ ग्रीस लावलेलं बरं.

प्रयोगशाळांमध्ये आता वेगळ्या जातीचे लेप तयार होतात. त्यांचा नमुना परसातच आहे: अळूचं पान. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे त्याहूनही बारीक कण. थेंब त्यांच्या टोकांवर टेकतो. खालच्या फटींत हवा अडकून राहते. कॅसी आणि बॅक्स्टर या शास्त्रज्ञांनी 1944 मध्ये या अडकलेल्या हवेचं गणित मांडलं. कमळाच्या पानाचं असंच गुपित जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये उलगडून दाखवलं. नुसतं मेणचट रसायन पुरत नाही, हे इथे महत्त्वाचं. गुळगुळीत पृष्ठभागावर थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन (जितका मोठा, तितका थेंब गोल), फार तर 120 अंशांच्या आसपास जातो. 150 अंश ओलांडायचे तर पृष्ठभाग खडबडीतच हवा. मग थेंब जरा कलतं होताच घरंगळतो. क्षारयुक्त पाणी आणि धातू यांच्यामध्ये हवेचा पडदा राहतो, आणि गंजाची विद्युत-रासायनिक साखळी जुळतच नाही.

पण अडचण पुन्हा दवाचीच. वरून पडलेला थेंब टोकांवर थांबतो. बाष्प मात्र थेट फटींत शिरून तिथेच त्याचं पाणी होतं, हवा हुसकावली जाते आणि लेप भिजतो. शिवाय मातीच्या घर्षणाने ते नाजूक उंचवटे झिजतात. त्यामुळे जमिनीत घुसणाऱ्या फाळावर हा लेप टिकेल असं मानू नये. पत्र्यावर, खांबावर, सौर पंपाच्या सांगाड्यावर तो शोभेल, तोही जस्ताच्या थरावर. जस्त स्वतः झिजून ओरखड्यापाशी उघडं पडलेलं लोखंड वाचवतं. ते काम पाणी झटकणाऱ्या लेपाला कधीच जमणार नाही.

असे बरेच लेप फ्लोरिनच्या संयुगांपासून बनतात. ती निसर्गात वर्षानुवर्षं कुजत नाहीत. त्यांतल्याच पीएफओए या रसायनाचा 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे अशा चिवट घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत समावेश झाला. पर्याय आहे. खडबडीत केलेल्या जस्तावर स्टिअरिक आम्ल, म्हणजे मेणबत्त्यांत वापरतात तेच, चढवलं की झिंक स्टिअरेटचा थर बसतो आणि स्पर्शकोन 150 अंशांपलीकडे नेता येतो. विहिरीचं पाणी पिणाऱ्या आपल्या गावांसाठी मी याच वाटेच्या बाजूने आहे.